समोरची ओळ आणि आक्काची जागा

आमच्या खोल्या शहराच्या कडेला नांद्यात, एका शेतकऱ्याच्या जुन्या भातखाचरावर बांधलेल्या. पत्र्याच्या दोन ओळी समोरासमोर, मधोमध नळ आणि कपडे धुवायचा दगड. नळाच्या अलीकडे आम्ही, लातूरकडची माणसं. पलीकडे ओडिशाचे प्लंबर. दोघंही साधारण एकाच सुमाराला आलो, दोघंही एकेक पिशवी घेऊन आलो, भाडंही सारखंच. आज त्यांच्या गावाकडे स्लॅबची घरं उभी आहेत, आणि त्यांच्यातलाच एक जण ठेकेदार होऊन स्वतःच्या गाडीतून येतो. आमच्या ओळीत इतक्या वर्षांत नवीन काय आलं म्हणाल तर एक कूलर. तोही बंद आहे. त्यावर आम्ही कपडे वाळत घालतो.

त्या शेतकऱ्याची बायको, आमची मालकीण, भाडं न्यायला आली की नळाशी थांबायची आणि दोन्ही ओळींकडे बघून आमची तुलना करायची. तोंडावर करायची, त्या बाईला आडपडदा माहीतच नाही. एकदा म्हणाली, "कष्ट तुमी बी करता, त्ये बी करत्यात. मग त्यांच्यापाशी काय हाय जे तुमच्यापाशी न्हाई?"

मी म्हणाले, "त्यांची बायकापोरं इथं नाहीत, काकू. आमचा खर्च बघा."

"मग कशाला आनली हितं? ऱ्हाऊ द्यायची गावाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गावाला काय ठेवलंय, हे तिला कसं सांगणार? तिच्या घरच्यांनी बाकीची जमीन विकली तेव्हा त्या पैशांतून या खोल्या तरी उभ्या राहिल्या. पण भाडेकरूने मालकिणीशी किती बोलायचं हे मला कळतं. मी बादली उचलून आत गेले.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही खायचा. आमच्या ओळीत त्यावर रोज चर्चा व्हायची. माझा नवरा सेंट्रिंगच्या कामाला जातो. तो म्हणायचा, त्यांच्या हातात कसब आहे, आपण पडलो बिगारी. शेजारची म्हणायची, ते रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातात, आपल्याला दोन वेळा गरम लागतं. कुणी म्हणायचं ते दारू पीत नाहीत. हे खोटं होतं, रविवारी मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. मला यातलं काहीच पुरेसं वाटायचं नाही. कसब काय, पोटातून घेऊन येतं का कुणी? त्यांना कुणीतरी शिकवलंच ना? मग आम्हाला कुणी का शिकवलं नाही?

उत्तर मला नळानेच दिलं. नळाची तोटी गेली होती आणि समोरचा म्हातारा ती बसवत होता. त्यांच्यातला सगळ्यात जुना तोच. त्यांच्यातला एक जण आदल्या दिवशी बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता आणि त्याच दिवशी दुसराच एक अनोळखी माणूस त्याची पान्यांची पिशवी खांद्याला लावून साइटवर गेला होता. मी म्हाताऱ्याला विचारलं, हा नवीन कोण? तो म्हणाला, "उसका गाँव का है. वो आएगा, तो ये हट जाएगा."

मी म्हणाले, आणि नाही हटला तर?

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की नळातून दूध आलं तर. "जगह आदमी का नहीं होता," तो म्हणाला. "गाँव का होता है. नहीं हटेगा तो गाँव में कैसे मुँह दिखाएगा?"

महिन्याभराने लग्नाला गेलेला परत आला. त्या अनोळखी माणसाने नळाशी पिशवी त्याच्या हातात दिली, दोघांनी एकाच ताटात भात खाल्ला आणि तो दुसऱ्या साइटवर निघून गेला. मी दारात भाकरी थापत हे बघत होते. जाणारा निर्धास्त जातो, कारण त्याला माहीत असतं की परत आल्यावर पाना त्याच्याच हातात येणार आहे. आम्ही मात्र जावळ, जत्रा, तेरावं, सगळ्याला गावी जातो आणि परत येऊन मजुरांच्या नाक्यावर कामासाठी नव्याने उभे राहतो. तोवर आपल्या कामावर आपल्यातलाच कुणीतरी बसलेला असतो. मी त्या संध्याकाळी नवऱ्याला हे तावातावाने सांगितलं. आपली माणसंच आपल्या मुळावर येतात, असं म्हणाले. माझ्या तोंडाला त्या दिवशी फार धार होती.

आता आक्काचं सांगते.

आक्का माझ्याच गावची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आम्ही इथं आलो ते तिच्याच भरवशावर. ही खोली तिने बघून दिली. पहिला आठवडाभर तिच्याच चुलीवर आम्ही जेवलो. नाक्यावर कसं उभं राहायचं, कुठल्या मुकादमाच्या टेम्पोत चढायचं आणि कुठल्याच्या नाही, हे तिने मला शिकवलं. ती स्वतः मात्र नाक्यावर नव्हती. तिला लवळ्याच्या डोंगरावर एका वसतिगृहाच्या मेसमध्ये चपात्या लाटायची जागा होती. महिन्याचा पगार, दुपारचं जेवण, आणि सकाळी न्यायला गाडी. आमच्या सगळ्या ओळीत पगार म्हणतात तो एकट्या तिला होता. तिचा नवरा परांचीवरून पडून कमरेतून गेला होता. बांधकामावर उंच बांधलेल्या फळ्यांना परांची म्हणतात. मुलगी बारावीला होती आणि नर्सिंगला जायचं म्हणत होती. आक्काला त्याचं एवढं कौतुक होतं की कॉलेजची बॅग ती स्वतः धुऊन वाळत घालायची.

आक्काची सासू वारली तेव्हा तिला तेराव्यापर्यंत गावी राहणं भाग होतं. नवऱ्याला उचलून न्यायचं होतं आणि एकुलती एक सून तीच. निघायच्या सकाळी ती माझ्याकडे आली. तिच्या हातात मेसची टोपी आणि ॲप्रन होता, धुऊन घडी घातलेला.

"मी सुपरवायझरला बोलून आलाव," ती म्हणाली. "माज्या बदली तू जा. तेरावं झालं की मी येताव. तवर जागा धरून ठेव, बाई. ही जागा गेली तर पोरीचं कॉलेज गेलं बग."

मी म्हणाले, "हे काय सांगायचं असतं का, आक्का?"

लवळ्याला मी पहिल्या दिवशी गेले आणि दुपारी पंख्याखाली बसून जेवले. हे सांगताना मला लाज वाटते, पण ते तसंच होतं. तीन वर्षं मी नाक्यावर घमेलं घेऊन उभी राहिले होते. आज काम मिळेल का, हे कुणाच्या तरी बोटाकडे बघून कळायचं. मुकादम बोट दाखवायचा, तू, तू आणि तू. इथं कुणी बोट दाखवत नव्हतं. गाडी यायची, माझ्यासाठी थांबायची. पायाला सिमेंट नाही, डोक्याला ऊन नाही. मुलं ताटं घेऊन यायची आणि "मावशी, गरम द्या" म्हणायची. आठव्या दिवशी माझ्या हाताची कातडी मऊ पडायला लागली. मी ती परत परत बघायचे.

अकराव्या दिवशी सुपरवायझरने विचारलं, "तुम्हीच राहता का? तुमचा हात पटापट चालतो. त्या सारख्या सुट्टीवर असतात."

मला त्याच क्षणी म्हणता आलं असतं की जागा तिची आहे. दोन शब्दांचं काम. म्हाताऱ्याचं नळावरचं बोलणं मला आठवलंही. आठवलं आणि मी म्हणाले, "राहते की, सर."

आक्का चौदाव्या दिवशी आली. मी तिला सांगितलं, "मी लई सांगितलं गं, पण साहेब ऐकेना. म्हणे बाई बदलायची नाही." ती नळाच्या दगडावर बसली. म्हणाली, "असू दे. गेली तर गेली, आपल्याच घरात हाय." आणि उठून नवऱ्याला पाणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती नाक्यावर उभी राहायला लागली. पन्नाशीच्या बाईकडे मुकादमाचं बोट वळत नाही. आठवड्यातून दोन दिवस काम मिळालं तर मिळालं. मी मेसच्या गाडीतून जाताना नाका लागायचा आणि मी पदर सावरायच्या निमित्ताने खाली बघायचे. मुलीने बारावीची परीक्षा दिली नाही. नेऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये ती पॅकिंगला लागली. कॉलेजची बॅग आक्काने धुतली आणि त्यात कांदे ठेवले.

सुपरवायझरने मला आपणहून विचारलं होतं, हे आक्काला कधी कळलं ते मला माहीत नाही. मेसमध्ये आमच्याकडच्या अजून दोघी होत्या, त्यामुळे कळलं असणारच. पण तिने कधी तोंडातून काढलं नाही. भांडली असती, झिंज्या धरल्या असत्या, तर मी चार शब्द परत बोलून मोकळी झाले असते. तिने मला तेवढंही करू दिलं नाही. तिच्यावर मी मनातल्या मनात चिडायचे, ते या गप्प राहण्यासाठी. माणूस किती खाली जाऊ शकतं बघा.

यंदा उन्हाळ्यात माझ्या आईने अंथरूण धरलं. भावाचा फोन आला, तुझं नाव घेतेय, चार दिवस येऊन जा. मेसमध्ये विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, जा की, फक्त बदली माणूस देऊन जा. बदली माणूस. मी आमची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मनात फिरून आले. शेजारची? ती दुसऱ्याच दिवशी टोपी घालून बसली असती. तिच्या वहिनीचं तर मला विचारूच नका. प्रत्येक दारात मला मीच उभी दिसत होते. दोन दिवस मी काहीच केलं नाही. भाऊ फोन करत राहिला, मी "निघतेच" म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळावर आक्का भेटली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"माय आजारी हाय म्हणं," ती म्हणाली.

"होय."

"मग जाईनास कामून?"

मी म्हणाले, सुट्टी मिळेना.

तिने कळशी नळाखाली लावली. भरल्यावर नळ बंद केला. मग म्हणाली, "मी धरते चार दिवस. चपात्या मला नव्या न्हाईत. तू जाऊन ये. आल्यावर तुजी तुला."

आल्यावर तुझी तुला. ती खरं बोलत होती. मला ते तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. ती मी आल्याबरोबर टोपी काढून देणार होती, घडी घालून, धुऊन. आणि तरी माझी जीभ म्हणाली, "नको, आक्का. बदली चालत नाही म्हणतात आता." तिच्या डोळ्यात बघून मी हे बोलले. तिने मान हलवली, कळशी कमरेवर घेतली आणि गेली.

आई त्यानंतर दोन दिवसांनी गेली. भावाचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. एका बाईने फोन माझ्या कानाला धरला. मग सुपरवायझरला दया आली आणि त्याने एक दिवस बदलीशिवाय सोडलं. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. राख तेवढी अजून गरम होती. भाऊ माझ्याशी बोलला नाही. भावजयीने चहा दिला. तिसऱ्या दिवसाला राहा, असं कुणी म्हणालं नाही, आणि कुणी म्हणालं असतं तरी मी राहिले नसते. मी लगेच परत फिरले.

नांद्यात उतरले तेव्हा दुपार झाली होती. समोरच्या ओळीत कुणीतरी गावाहून आलं होतं आणि नळाशी पान्यांच्या पिशवीची देवघेव चालली होती. म्हातारा मला बघून उठून उभा राहिला. त्यांनाही कळलं होतं. मी आत जाऊन दार लोटून घेतलं. नवरा कामावर गेला होता. चूल तशीच होती.

थोड्या वेळाने दार वाजलं. आक्काची मुलगी होती, गोडाऊनचा निळा टी-शर्ट घातलेली, बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागलेला. तिच्या हातात डबा होता.

"आईनं दिलाय," ती म्हणाली. "म्हणाली, मावशीला आज चूल पेटवू देऊ नको. दुःखाच्या घरी शेजाऱ्यानं घास द्यावा लागतो."

मी विचारलं, "आई कुठाय?"

"नाक्यावर. सकाळपासून उभी आहे. आज अजून कुणी नेलं नाही."

तिने डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. पिठलं आणि ज्वारीची भाकरी. मी जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली, कारण रिकामा डबा परत न्यायचा होता. मी सगळं जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवळ्याची गाडी आली तेव्हा मी मेसची टोपी घेऊन रस्त्यावर उभी होते.