अंबडचा उलटा हत्ती

अंबडच्या कोर्टासमोर लिंबाखाली टायपिंगची सहा टेबलं आहेत. त्यातलं तिसरं भुजंग तौर यांचं. वय चौपन्न, मूळचे तीर्थपुरीचे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. वकील त्यांना तौर म्हणतात. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मी काका म्हणतो. आणि शेजारचा पंक्चरवाला रामकिसन त्यांना ‘इंटरनॅशनल’ म्हणतो.

ही पदवी त्यांना मिळाली ती खणातल्या वहीमुळं. कोर्टाच्या हिरव्या लेजर कागदावर टाईप केलेली, सुतळीनं शिवलेली, विटेइतकी जाड वही. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘जगातील बुद्धिबळ स्पर्धा व त्यांतील न विसरण्याजोगे डाव’. एक्क्याण्णव साली जालन्यात एका रद्दीवाल्याकडं काकांना एक बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक सापडलं. काकांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे पास होण्यापुरतं. पण चाली वाचायला इंग्रजी लागत नाही. गिऱ्हाईक नसलं की एक डाव टाईप करायचा, असं करत करत त्यांनी लंडन, हेस्टिंग्ज, सेंट पीटर्सबर्ग, न्यूयॉर्क, झुरिक ही सगळी गावं लिंबाखाली आणून बसवली. स्वतः ते कधी संभाजीनगरच्या पुढं गेले नाहीत.

पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा अठराशे एक्कावन्न साली लंडनला झाली. ती जिंकली अँडरसन नावाच्या जर्मनीतल्या गणिताच्या मास्तरनं. पण त्याचा सगळ्यात गाजलेला डाव स्पर्धेतला नव्हताच, त्याच दिवसांत सहज म्हणून खेळलेला होता. हे काकांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “म्हणजे टाईमपासच की.”

“टाईमपासच. पण नाव लागलेल्या माणसाचा टाईमपास लोक दीडशे वर्षं जपून ठेवतात. आपला डाव संपला की पट झटकून डब्यात.”

ते हे हसत म्हणाले म्हणून मीही हसलो.

गिऱ्हाईकांचीही सुटका नव्हती. वारसाचा अर्ज करायला आलेल्या गोजरबाईला त्यांनी एकदा अठराशे पंच्याण्णवची हेस्टिंग्जची स्पर्धा सांगितली. स्टाइनिट्झ नावाचा म्हातारा खेळत होता. त्यानं आपला हत्ती शत्रूच्या घरात नेऊन असा उभा केला, की समोर दिसतोय, चहूकडून सापडलेला आहे, पण मारता येत नाही. समोरच्या बार्डेलेबेनच्या लक्षात आलं की आता आपलं काही खरं नाही. हरलो म्हणायचं तर जिवावर आलेलं. तो गुपचूप उठला आणि हॉलच्या बाहेर निघून गेला. घड्याळ चालत राहिलं.

गोजरबाईनं पदराची गाठ सोडत विचारलं, “मंग जिंकलं कोण?”

“बसून राह्यला तो.”

“बराबर हाय. जो बसून ऱ्हातो त्याचंच नाव सातबाऱ्यावर लागतं. माझा दीर पुण्याला गेला, तवा सांगितल्तं त्याला.”

काकांना ही टीका इतकी आवडली की त्यांनी ती वहीत त्या डावाच्या खाली टाईप करून टाकली.

नाव लागण्याचा विषय काकांच्या डोक्यात का बसला होता, ते सांगतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाची एक यादी असते. रेटिंगच्या स्पर्धेत खेळून चौदाशेच्या वर आकडा मिळाला, की तुमचं नाव त्या यादीत येतं. चौदाशेच्या खाली माणूस असतो, पण यादीत नसतो. शिवाय सव्वीस महिन्यांपेक्षा जुने डाव मोजणीतून गळतात. काकांनी पाच स्पर्धा खेळून पाहिल्या होत्या. दर वेळी आकडा दाराशी यायचा आणि चप्पल न काढताच परत जायचा. रामकिसन विचारायचा, “इंटरनॅशनल, लागलं का नाव?” काका म्हणायचे, “पुढच्या साली.”

पुढच्या साली असं म्हणण्याची चैन गेल्या उन्हाळ्यात संपली. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, तोही पुढं गेलेला. कडेची नजर गेली ती येत नसते, उरलेली सांभाळा, असं म्हणून औषधाचे थेंब लिहून दिले. बरोबर मी होतो. मधली नजर किती दिवस, असं काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं, थेंबांवर आहे.

येताना एसटीत काका खिडकीकडं बसले होते. अंबड येईपर्यंत एवढंच बोलले. “पटाच्या दोन्ही बाजूंच्या कडेच्या पट्ट्या गेल्या बघ. त्याच्या आतल्या दोन डगमग करून राह्यल्यात.”



घरी त्यांनी चष्म्याचा नंबर वाढला एवढंच सांगितलं. बेबीनंदाकाकू मात्र थेंबांची बाटली बघून सगळं समजल्या. त्या आठवड्यातच वाढताना त्या भाजीची वाटी ताटाच्या बाहेर न ठेवता मधोमध ठेवू लागल्या. टायपिंग सुरूच होतं, कारण बोटांना डोळे लागत नाहीत. पट मात्र अवघड झाला. काका खेळताना मान अशी डावी-उजवी फिरवायचे, जणू रस्ता ओलांडायचाय.

रामकिसन त्याच्या परीनं चांगलंच बोलायला गेला. “नजर न्हाई त्यांच्या बी स्पर्धा असत्यात म्हणं. पटाला हात लावून खेळतात.”

“असतात. चांगले खेळतात. माझ्यासारख्या धा जणांना गुंडाळून ठेवतील,” काका म्हणाले. “पण मला बघायचंय रे पट. बघत बघत जिंकायचंय एकदा.”

दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं. त्या सुट्टीत संभाजीनगरला नऊ फेऱ्यांची रेटिंग स्पर्धा लागली. दोन वर्षांपूर्वीचे काकांचे दोन चांगले डाव पुढच्या महिन्यात गळणार होते. म्हणजे संधी हीच. आम्ही दोघं त्यांच्या साडूच्या घरी उतरलो. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “काका, पंचांना डोळ्यांचं सांगून ठेवू. ते मदत करतात, नियम आहे.”

“सूट मागून नाव लावू का?”

“सूट न्हाई, सोय आहे.”

“तू झेरॉक्स काढ,” काका म्हणाले. हे त्यांचं वादातलं शेवटचं वाक्य असतं.

आता हत्तीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिंबाखालच्या आमच्या पटात सगळं धड असं कधीच नव्हतं. काळा एक उंट हरवलाय, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण. आणि वजीर दोन्ही बाजूंना एकेकच. मग वजीर जिवंत असताना प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर दुसरा वजीर आणायचा कुठून? मेलेला हत्ती घ्यायचा आणि उलटा करून ठेवायचा. उलटा हत्ती म्हणजे वजीर. हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. परतूरला तसंच, तीर्थपुरीला तसंच. पट मांडणारी लहान पोरंसुद्धा विचारत नाहीत. काकांनी पाच स्पर्धा खेळल्या, पण दुसऱ्या वजिरापर्यंत त्यांची मजल कधी गेलीच नव्हती, त्यामुळं हा प्रश्न तिथं आलाच नाही.

आठ फेऱ्या झाल्या तेव्हा मी मोबाईलवर आकडा काढला. शेवटचा डाव जिंकला तर चौदाशेच्या वर. बरोबरी झाली तरी खाली. काकांना सांगितलं. ते थेंब टाकून डोळे मिटून बसले होते. म्हणाले, “पांढरे मोहरे आलेत मला. चांगलं आहे. पांढरे दिसतात तरी.”

समोर नाशिकची एक कॉलेजातली मुलगी होती. शांत, नमस्कार करून बसली. त्यांचं टेबल बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या जवळ होतं, म्हणून मला दोरीबाहेरून पट दिसत होता. काका त्या दिवशी जसे खेळले तसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मान फिरवत, एकेक घर मोजत, त्यांनी डाव्या टोकाचं प्यादं पुढं काढलं. नजरेतून गेलेल्या पट्टीवरून. त्यांना ते दिसत नव्हतं, पाठ होतं.

ती मुलगीही बसून नव्हती. तिचं एक प्यादं काकांच्या राजाच्या उंबऱ्याशी येऊन बसलं होतं आणि तिचा वजीर त्याच्या जोरावर मात करायला टपला होता. एक चाल मिळाली की संपलं. पण त्याआधी काकांचं प्यादं सातव्यातून आठव्या घरात जात होतं. तिथं नवा वजीर उभा राहिला की तो कोपऱ्यातून तिरका थेट खाली बघणार, राजापुढचं घर राखणार, आणि पुढं काकांचे दोन वजीर तिच्या राजाला सोडणार नव्हते. मी तीन वेळा तपासलं. डाव काकांचा होता.

त्यांनी प्यादं सरकवलं. पहिला वजीर पटावरच होता. काकांच्या डाव्या हाताला घड्याळ, आणि घड्याळापलीकडं संयोजकांनी ठेवलेला एक जादा पांढरा वजीर, नवा कोरा, चकचकीत. मला दोरीबाहेरून दिसत होता. काकांचा हात उजवीकडं गेला. मुलीनं मारलेल्या मोहऱ्यांच्या ढिगातून त्यांनी पांढरा हत्ती उचलला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेरून कुणी बोललं तर काय होतं ते फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी मनातल्या मनात ‘डावीकडं, काका, डावीकडं’ असं म्हणत राहिलो. असल्या गोष्टींचा काही उपयोग नसतो. मी तरी म्हणत राहिलो.

काकांनी हत्ती उलटा केला, कोपऱ्यात ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मुलीनं हत्तीकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. मग आपला वजीर उचलून काकांच्या राजापुढं ठेवला. “मेट, सर,” ती हळू आवाजात म्हणाली.

काका हसले. “कसं काय, बाळा? माझा वजीर बघून राह्यलाय की वरून.” आणि त्यांनी तिचा वजीर मारायला उलटा हत्ती तिरका खाली आणला.

“सर, तो हत्ती आहे.”

“उलटा आहे ना.”

पंच आले. तरुण माणूस होता, वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, उलटा ठेवला तरी नियमानं हत्ती हत्तीच धरतात. दुसरा वजीर इथंच होता, आणि नसता तर घड्याळ थांबवून मागता आला असता. “हत्तीला तिरकं जाता येत नाही, काका,” तो म्हणाला. हे तो काकांना समजावून सांगत होता. काकांनी मान डावीकडं फिरवली, आणखी फिरवली, तेव्हा त्यांना तो वजीर दिसला.

“आमच्याकडं...” काका म्हणाले. पंचानं वाट पाहिली. मग काकांनी चालींच्या कागदावर आधीच लिहिलेला वजीर त्यानं खोडून हत्ती केला, आणि दोघांच्या सह्या घेतल्या. मुलीनं हात पुढं केला. तो काकांना दिसला नाही. तिनं त्यांचा टेबलावरचा हात हातात घेतला आणि हलवला.

हॉल रिकामा झाला. माणसं पट गोळा करत आली, आजूबाजूची टेबलं मिटली. काका बसून होते. मी दोरी ओलांडून आत गेलो आणि “चला” म्हणालो. ते उठले नाहीत. शेवटी त्या टेबलाची चादर काढायची वेळ आली, तेव्हा उठले.

गाडीत बदनापूर गेल्यावर ते बोलले. “बार्डेलेबेन उठून गेला तरी. मला उठताच येईना.”

मी म्हणालो, “पंचांना डोळ्यांचं सांगितलं असतं तर त्यांनी वजीर हातात दिला असता.”

“डोळे असते तरी हात हत्तीकडंच गेला असता,” काका म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “किंवा नसता गेला. आता कसं कळणार.”

पुढच्या महिन्यात जुने दोन डाव मोजणीतून गळले. महासंघाच्या यादीत काही फरक पडला नाही. सुट्टीनंतर अंबडचं कोर्ट उघडलं त्या पहिल्या दिवशीच रामकिसन टायर पाण्यात बुडवता बुडवता म्हणाला, “काय इंटरनॅशनल, लागलं का नाव?” काका ‘पुढच्या साली’ म्हणाले नाहीत. रामकिसननं टायर तसाच हातात धरून माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर त्यानं ती पदवी वापरलेली मी ऐकली नाही. तो आता भुजंगभाऊ म्हणतो, आणि ते ऐकायला जास्त वाईट वाटतं.

काकांची नजर मधली तेवढी आहे, नळीतून बघितल्यासारखी. वहीतले डाव मी त्यांना वाचून दाखवतो. नजर जायच्या आत सगळे पाठ करायचे, असं त्यांनी ठरवलंय. दोनशे चौदा डाव आहेत. तेहतीस झाले. इतक्या वेगानं नजर आहे तोवर सगळे पाठ होतील असं गणित बसत नाही. हे त्यांनाही माहीत आहे.

परवा दुपारी कोर्ट जेवायला सुटल्यावर ते म्हणाले, “कागद लाव जरा मशीनला. हिरवा.” मी लावला. “त्या खणात माझा चालींचा कागद आहे. वाच.”

“कुठला?”

“शेवटच्या फेरीचा.”

मी वाचत गेलो, ते टाईप करत गेले. वर मथळा त्यांनीच टाईप केला, बाकीच्या डावांसारखाच: साल, गाव, पांढरे मोहरे, काळे मोहरे. बोटं कुठं अडली नाहीत. प्यादं सातव्या घरात आलं. मग आठव्या. मी थांबलो.

“का रे?”

“इथं खाडाखोड आहे काका. आधी वजीर लिहिलंय, मग पंचांनी खोडलंय.”

लिंबावरचा एक कावळा खाली येऊन रामकिसनच्या पाण्याच्या घमेल्यावर बसला. काकांनी मान फिरवून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. तो त्यांना दिसला नसावा.

“काय खोडून काय केलंय?”

“हत्ती.”

“मंग हत्ती,” ते म्हणाले, आणि टाईप केलं. “पुढची चाल वाच. तिची.”