सोयाबीनचं सूप

पुण्यात नोकरी लागल्यावर आम्ही दोघी मैत्रिणी दर शनिवारी दुपारी एका जपानी हॉटेलात जेवायला जायचो. ती पिंपरी पेंढारची, मी पारगावची. नारायणगावला कॉलेजात एका बाकावर बसलो आणि पुढं एकाच कंपनीच्या कस्टमर केअरला लागलो. हॉटेल साधंच होतं, पहिल्या मजल्यावर, खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आत एक सरकता पट्टा होता. त्यावरून सुशीच्या छोट्या ताटल्या फिरत यायच्या, हवी ती आपण उचलायची. पहिल्या दिवशी तिनं वासाबी हिरवी चटणी समजून बोटभर चाटली आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत टेबलावर डोकं टेकून बसली. मी हसून बेजार. नंतर मात्र त्या गार भाताची आणि वरच्या कच्च्या माशाची आम्हाला चटकच लागली. ती माझ्या ताटलीतलं उचलून खायची, मी तिच्या.

हे पुण्यात. पिंपरी पेंढारला तिच्या घरी मी चारपाच वेळा गेले असेन. सगळ्यांना चहा कपबशीत यायचा, मला कागदी कपात. एकदा मी त्या कपाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "आईला भांडी घासायचा कंटाळा येतो गं." आमचं घर बौद्ध आहे हे तिच्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी चहा प्यायले आणि कप स्वतःच्या हातानं चुरगाळून बाहेर टाकून आले.

मग तिचं लग्न ठरलं. सासर बेल्ह्याकडचं, सासू माळकरी. पाहुणे बघायला आले तेव्हा मुलगी मटण-मासे खाते का, असं त्यांनी विचारलं होतं. तिचे वडील म्हणाले, "शिवत पण नाही." तिनं हे मला सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. त्या वेळी आमच्या पुढ्यात माशाच्या सहा ताटल्या रिकाम्या झालेल्या होत्या.

लग्नाला महिना राहिला असताना सासू ब्लाउजांची मापं द्यायला पुण्यात आली. "तू पण ये, मला एकटीला तिच्याशी बोलायला सुचायचं नाही," असं म्हणून मैत्रिणीनं मला बोलावून घेतलं. शिंप्याकडचं काम उरकलं, भूक लागली, आणि जाता जाता सासूला आमच्या हॉटेलचा फिरत्या ताटल्यांच्या चित्राचा बोर्ड दिसला.

"ताटल्या फिरत्यात ते हॉटेल न्हवं हे? म्या टीव्हीवर बघितलंय. चला की."

मैत्रीण नको नको म्हणत होती. मीच म्हणाले, "काकडीचे रोल मिळतात मावशी, शाकाहारी."

बाई खरंच बरी होती. पट्ट्याकडे बघत लहान मुलासारखी हसत होती; भातावरचे ते गुलाबी काप तिला मासे वाटलेच नाहीत. मी काकडीची ताटली उचलून तिच्यापुढं ठेवली. तिनं एक रोल खाल्ला, मान डोलावली, आणि मला म्हणाली, "लई गुणाची हायेस. पारगावात कुणाची गं तू?"

"वडील कारखान्यात फिटर होते."

"ते झालं. पर कुणाची?"

मी आडनाव सांगितलं.

हातातला दुसरा रोल तिनं परत ताटलीत ठेवला आणि ताटली दोन बोटांनी टेबलाच्या कडेला सरकवली. मग सुनेला म्हणाली, "बाळा, मला दुसरी घे. तुझ्या हातानं." आणि माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "तू मनाला लावून घेऊ नगं हां. आमची आपली जुनी सवय."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती पट्ट्याकडे बघत होती. काकडीची दुसरी ताटली येईपर्यंत तिनं वाट पाहिली, ती उचलली आणि सासूपुढं ठेवली. कडेची ताटली तशीच राहिली. दोन वर्षं माझ्या ताटलीतलं खाणारी मुलगी माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

तेवढ्यात वेटरनं सगळ्यांसमोर सूपचे वाडगे आणून ठेवले. जेवणाबरोबर ते नेहमीच यायचं.

सासूनं वाडगा उचलला आणि सुनेला विचारलं, "यात काय न्हाई ना? माझ्या गळ्यात माळ हाय."

त्या सूपचं पाणी वाळवलेल्या माशाच्या किसाचं असतं. आम्हा दोघींनाही हे माहीत होतं. मैत्रिणीनंच एकदा आचाऱ्याला विचारलं होतं. आता तिनं आपला वाडगा नुसता जवळ ओढला. सांगायचं म्हणजे ते तिला कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "सोयाबीनचं आहे मावशी. निवांत प्या."

बाई प्यायली. तिला आवडलं. "घशाला बरं वाटलं," म्हणाली आणि आणखी एक मागवलं. दुसरा वाडगा आल्यावर मी मैत्रिणीला म्हणाले, "तू पण घे ना. तुला तर किती आवडतं." तिनं वाडगा तोंडाला लावला. डोळे मिटून ती एकेक घोट गिळत होती आणि ते बघून मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

सासू हात धुवायला गेली तेव्हा ती म्हणाली, "तू हे का केलंस?"

"तू ताटली का बदललीस?"

"मी काय करणार होते तिथं?"

"एवढंच म्हणायचं होतं, की ही माझी मैत्रीण आहे."

त्यावर तिनं पर्स उचलली. सासू आली आणि त्या दोघी रिक्षात बसून गेल्या.

लग्नाचं निमंत्रण आलं नाही. मी सुट्टीत पारगावला गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. ती गवार निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या बाईनं तुझी ताटली सरकवली ते समद्यांसमोर. तू केलंस ते चोरून. दर पुनवेला विहारात खोटं बोलणार न्हाई म्हणतीस ना?"

"खोटं कुठं बोलले? सोयाबीन होतंच त्यात."

"मग माझ्या डोळ्यात बघून बोल."

मी उठून बाहेर गेले.

लग्नानंतर तीनेक महिन्यांनी मैत्रिणीचा फोन आला. सासूला खोकला झाला होता. तिला ते सूप आठवलं, आणि तसलंच कुठून तरी आण म्हणून ती मुलाच्या मागं लागली. मुलानं मोबाईलवर शोधलं आणि त्यात काय काय असतं ते आईला वाचून दाखवलं. बाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुनेला एकच विचारलं, "तुला ठावं व्हतं?" हिला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून सासू हिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती, स्वतःचं वेगळं शिजवत होती. नवऱ्यानं नोकरी सोडायला लावली होती. दिवसभर घरात कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. फोन करून मी सांगावं, की चूक माझी होती, हिची नव्हती. तिनं तसं मागितलंही. "तू बोललीस तर ती ऐकेल. एवढं कर."

"माझ्याशी बोलणं चालेल का तिला?" मी विचारलं.

ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. थांब म्हणाले नाही, येते म्हणाले नाही. तिचं रडणं संपल्यावर म्हणाले, "बरं झालं. आता तुला कळलं असेल."

मग ती म्हणाली, "तुझ्या आईला विचारलंय म्हणून सांग," आणि फोन ठेवला.

आईला मी तो निरोप अजून दिलेला नाही; दिला तर फोनवर मी काय म्हणाले तेही सांगावं लागेल.