तिकीट वाया जाऊ नये म्हणून

फोन कशेळ्याच्या शाळेतून आला. माझा नवरा श्रीधर तिथे गणित शिकवायचा. मी खोपोलीला एका पतसंस्थेत हिशेब बघते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गावर जाताना तो जिन्यातच कोसळला, एवढंच मुख्याध्यापकांनी सांगितलं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. व्हिएतनामहून येऊन आम्हाला पुरता महिनाही झाला नव्हता. त्यामुळे भिसेगावच्या आमच्या घरी जो भेटायला आला, तो त्या प्रवासाकडे बोट दाखवून गेला. तेराव्याला पानं वाढत असताना माझी नणंद लता सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, ती परदेशाची हौस केली नसती, तर आज दादा असता."

मला राग आला. तो अजून उतरलेला नाही.

हौस होती, आणि ती दोघांची होती. घराचा हप्ता आणि मुलीचं शिक्षण भागवून जे उरेल, त्यात आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदा जायचो. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, म्हणजे रद्द केलं तर पैसे परत न मिळणारं. सामान हातातल्या बॅगेत मावेल तेवढंच, आणि राहायला कुठल्यातरी बोळातली खोली. श्रीधरच्या बॅगेत कपडे कमी आणि विजेचा छोटा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, हिंग जास्त. हनोईला त्यानं खोलीत खिचडी लावली. ती शिजत आली तोच अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. मालकीणबाई तणतणत वर आल्या. श्रीधरनं शांतपणे वाटी पुढे केली आणि चक्क मराठीत म्हणाला, "आधी खा, मग भांडा." बाईंनी उभ्याउभ्या खाल्ली, पुन्हा मागून घेतली आणि कुकर उचलून खाली स्वतःच्या ओट्यावर नेऊन ठेवला. "बघ," तो मला म्हणाला, "स्वयंपाकघरही फुकटात पडलं गं."

त्याच प्रवासात डोंगरावरच्या एका देवळाच्या पायऱ्या चढताना तो अर्ध्यावर कठड्यावर टेकला. "काय रे, दमलास?" मी विचारलं. "दमतोय कसला! वर जायला तिकीट आहे म्हणे. तू जा, एका तिकिटात दोघांचं दर्शन घेऊन ये." मी हसले आणि एकटी वर गेले.

तेराव्यानंतर कर्जतचे आमचे डॉक्टर आले. समोरच्या चहाला त्यांनी हात लावला नाही. निघायच्या आधी श्रीधर त्यांच्याकडे जाऊन आला होता, छातीत दुखतं म्हणून. "मी सांगितलं होतं, प्रवास पुढे ढकला, आधी तपासण्या करू," डॉक्टर म्हणाले. "तर म्हणाले, तिकिटं वाया जातील, आल्यावर करतो. आणि बायकोला सांगू नका, ती जाणंच रद्द करेल."

हो, केलं असतं! त्याच क्षणी केलं असतं. आल्यावर तरी केल्या का तपासण्या? आल्यावर पेपर तपासायचे होते. पानात टाकायचं नाही, दिवा जळता ठेवायचा नाही, हे आम्हा दोघांना घरातूनच लागलेलं वळण. पण त्या वळणात स्वतःचा जीव बसवायला कोणी सांगितलं होतं? आणि मग मला हसवून वर पाठवतोस? मी लताला फोन करून हे सगळं ऐकवलं. प्रवासाला बोल लावू नकोस, तुझ्या दादानं लपवलं म्हणून तो गेला, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला असं बोलू नये, वहिनी." का बोलू नये? होता तेव्हा त्यानं मला भांडायची संधीच दिली नाही.

व्हिएतनामहून आल्या आल्या त्यानं श्रीलंकेची दोन तिकिटं सवलतीत काढून ठेवली होती. तीही तसलीच, परत न होणारी. "आता तरी हा नाद सोडा," लता म्हणाली. मी सोडणार नाही. मी जाणार आहे. श्रीधर गेला, आता मी एकटीच येणार, हे विमान कंपनीला कळवायला फोन केला, तर पलीकडची मुलगी फार अदबीनं बोलली. मृत्यूचा दाखला पाठवा, सरांचं तिकीट रद्द करून थोडे तरी पैसे परत देता येतील, म्हणाली.

"रद्द करू नका," मी म्हटलं.

"पण मॅडम, मग सरांची सीट वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

बोलले तिच्याशी... पण हे वाक्य मला श्रीधरला ऐकवायचं होतं.