दादाच्या वजनाचं पोतं

दादा गेला तेव्हा मला रडू आलं नाही. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत माणूस संपला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून विस्तवाचं मडकं माझ्या हातात आलं. मडकं धरणारा पुढे चालतो, तिरडीला खांदा दुसरेच देतात. मी समोर बघत चालत राहिलो आणि डोक्यात एवढंच, की या रस्त्याला खड्डे फार झालेत.

भिंगारला आमचं गॅरेज होतं. नव्वदच्या दशकात सुप्याकडच्या एका माळावर मातीतल्या मोटारशर्यती व्हायच्या. दादा गाडी चालवायचा, मी ती बांधायचो. स्प्रिंगा आणि शॉकअप निवडणं माझं काम. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिची उसळी जिरवतो. दोघांचं जमलं नाही, तर चाक मातीवर टिकत नाही आणि वळणावर गाडी सरळ निघून जाते. आमच्याकडे कसली आलीत यंत्रं! भंगारातून स्प्रिंगांच्या जोड्या आणायच्या, एकेक लावायची आणि गाडी किती खाली बसते ते टेपने मोजायचं.

मोजताना सीटवर ड्रायव्हर हवा. दादा दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. शेवटी वहिनीने त्याला वखारीच्या काट्यावर उभं केलं आणि त्याच्याइतक्याच वजनाचं बाजरीचं पोतं भरून दिलं. मला म्हणाली, "भावजी, तुमच्या भावापरीस हे शहाणं हाय. गप बसतं." तेव्हापासून पोतं सीटवर आणि दादा चहाच्या टपरीवर. मात्र ते चढवायचा-उतरवायचा तोच. "माझा भार मीच उचलनार," म्हणायचा.

तो गेल्यावर महिन्याभराने शर्यत आली. नाव त्याने आधीच दिलेलं. वहिनी म्हणाली, "गाडी पळू द्या भावजी. उभी बघवत न्हाई." चालवायला दादाचा मित्र तयार झाला. गडी अगदी काडीपैलवान.

मी नेहमीसारखा कामाला लागलो. दादाने शेवटचं ठेवलेलं पोतं सीटवर होतंच. आठ दिवस स्प्रिंगा बदलल्या. शॉकअप हाताने दाबून सोडायचे, किती सावकाश परत येतात ते बघून जोडी लावायची. टेपवरचे आकडे जुळले. हात चालत होते, बाकी मी लाकूड झालो होतो. लोक म्हणायचे, किती सावरला. मला त्याची लाज वाटायची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मित्र गाडी न्यायला आला. दार उघडून थांबला.

"हे काय?"

"ड्रायव्हरचं वजन."

"कंच्या ड्रायव्हरचं?"

मी पोत्याकडे बघितलं. आठ दिवस मी गाडी दादासाठी बांधत होतो. मित्राच्या हलक्या वजनाला त्या स्प्रिंगा कडक होत्या. पहिल्याच खड्ड्याला गाडी उडाली असती.

"काढा ते," मित्र हळूच म्हणाला. "मी बसतो. पुन्ना मोजू."

मी वाकून पोतं खांद्यावर घेतलं. मडक्याला वजन नव्हतं, याला होतं. चौथ्या पावलाला रडू फुटलं. मित्र हात लावायला पुढे आला.

"राहू दे," मी म्हणालो. "मी नेतो."

रडत रडतच ते भिंतीपर्यंत नेलं आणि हलकेच टेकवलं. मित्र सीटवर बसला. मी डोळे पुसून टेप लावली. गाडी दादाच्या मापापेक्षा बोटभर वरच राहिली होती.