बावीस वर्षांचा शेजार आणि एक नाव

मित्रहो, अस्मादिकांनी निर्मिलेल्या मोबाइल गेमचे उद्या लोकार्पण आहे. टाळ्या राखून ठेवाव्यात. आधी आजचा अनुभव.

ठिपके जोडून नक्षी पूर्ण करायची, असा हा खेळ. त्यातील चाळीसच्या चाळीस नक्ष्या म्हणजे आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत शेजारच्या काकूंनी दारापुढे काढलेल्या रांगोळ्या. मी रोज त्यांचे फोटो काढीत असे.

आज सकाळी काकूंना खेळ दाखवला. त्यांनी चष्मा चढवला. "अगंबाई, ही माझी तुळशीच्या लग्नातली!" त्या हर्षभराने खेळत राहिल्या. अखेरीस श्रेयनामावली झळकली. तेथे आधारस्तंभ म्हणून गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, प्रेरणास्थान म्हणून माझे मेहुणे आणि तीन वेगवेगळ्या पदांवर मी स्वतः विराजमान होतो. मंडळाचे अहवाल लिहून जडलेली सवय, दुसरे काय!

काकूंचे बोट त्या यादीवरून दोनदा वरखाली फिरले.

"छान झालंय हो," म्हणत त्यांनी फोन परत दिला.

माझे पांडित्य तत्क्षणी गळून पडले. "काकू, आत्ता घालतो तुमचं नाव," म्हणत टंकलेखनास सिद्ध झालो आणि थबकलो. बावीस वर्षांच्या शेजारात त्यांचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.

"काय लिहू?"

"काकूच लिही. सगळे तेच म्हणतात." मग फोनमध्ये डोकावत त्या म्हणाल्या, "नाहीतर सुमती लिही. आणि त्या मेहुण्याच्या वर!"

आज्ञा शिरसावंद्य मानली आहे. आपल्या कर्तृत्वामागच्या किती काकूंची नावे तुम्हांस ठाऊक आहेत?