अनिरुद्धरावांची मूळ संख्या

आमच्या तंजावरात अनिरुद्धरावांनी चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. शिकवणं तमिळमध्ये, झापणं इंग्रजीत आणि पाढे मात्र मनातल्या मनात मराठीत. उत्तर बरोबर असलं तरी एक पायरी गाळली की शून्य मार्क. मीही ते खाल्लेत, त्यामुळे इथे माझ्याकडून फार दयामायेची अपेक्षा नको.

निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आपली जन्मतारीख, ८-०२-१९४७, सलग लिहिली की होणारी ८०२१९४७ ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. सिद्ध करायला २८३२पर्यंतच्या, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा संख्या चारशेदहा! कॅल्क्युलेटर आळशांसाठी, म्हणून रोज हाताने एकच भागाकार, तोही राहुकाळ टाळून, भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवशीचं पान फाडून त्याच्या पाठीवर. कुठल्या पानाला कोणती संख्या, हे आधीच लिहून ठेवलेलं. तेरा महिने जयलक्ष्मीबाई नवऱ्याला "आज बाकी किती?" विचारून मगच कॉफी देत होत्या.

अखेर आमच्या मराठी समाजाने सत्कार ठरवला. व्याख्यान आणि पोन्नाडै, म्हणजे जरीची शाल. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मास्तर न म्हणता गणिती म्हणणार होतं. म्हातारा हरखून गेला होता.

सत्काराच्या सकाळी नात हरिणीने सहज फोनमध्ये आकडा टाकला.

"ताता, भाग जातो की! हजार तेरानं."

"फोन चुकतोय."

"मग तुम्ही करून बघा."

केला. उत्तर ७९१९, बाकी शून्य. अनिरुद्धरावांनी जपून ठेवलेला पानांचा गठ्ठा सोडला. १०१३चं पान पाठीमागून कोरं होतं. त्या दिवशी वडिलांचं श्राद्ध होतं. घरात भट, पिंड, धावपळ. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर पुढची संख्या होती, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. चारशेनऊ भागाकार करून गडी वर्षभर चारशेदहा सांगत हिंडत होता.

"जाऊन शाल घेऊन यावं. कोणाला कळतंय तिथं?" जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. सल्ला व्यवहाराचा होता. मी असतो तर ऐकला असता.

संध्याकाळी ते माइकसमोर उभे राहिले. "ही संख्या मूळ नाही," ते म्हणाले. "१०१३ने भाग जातो. माझी चूक झाली. पोन्नाडै मला नको."

मागे रवाकेसरीच्या द्रोणांची खुडबुड चालू होती. अध्यक्ष राघवेंद्रराव लगबगीने उठले. "सार, फार छान बोललात! आता इकडं बघा, फोटो." शाल खांद्यावर पडली. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं.

अनिरुद्धराव एकेक चेहरा पाहत गेले. निदान एकाला तरी कळलं असेल, एवढीच आशा होती बिचाऱ्याला. नजर माझ्यावर येऊन थांबली. मला कळलं होतं. मी टाळ्या वाजवत राहिलो.