एकतिसाव्या पानावरचा चहा

२००३ सालचा फेब्रुवारी, दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. खर्च ठरला होता दोनशे नव्वद रुपये: कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलचे दोनशे, तीस चहांचे नव्वद. हजर: वाचणारे पाच, दिग्दर्शक, लेखिका, मी आणि श्रोते बावीस.

मी नट नव्हे. कारखान्यात अकाउंट्सला होतो आणि या छोट्या नाट्यसंस्थेची खजिनदारी बघायचो. नवं नाटक बसवण्याआधी आम्ही त्याचं जाहीर वाचन करत असू. त्यात आमची एक पद्धत होती. प्रत्येक श्रोत्याला एक कार्ड आणि पेन्सिल द्यायची. मी कोपऱ्यातल्या फळ्यावर चालू पानाचा आकडा लिहायचा. ज्या पानावर मन उडेल, त्याचा आकडा श्रोत्याने कार्डावर टिपायचा. निम्म्याहून जास्त कार्डांवर एकच आकडा आला, तर ते पान नाटकातून जायचं. लेखक कितीही मोठा असो, अपील नाही. पुण्यात श्रोत्यांना हे फार आवडायचं.

लेखिका सव्वीस वर्षांची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तिचं हे पहिलंच नाटक. मुलगा अमेरिकेत, वडील इथे, मध्ये फोन. एकतिसाव्या पानावर दोघांकडे बोलण्यासारखं काही उरत नाही, पण फोन कोणीच ठेवत नाही. पानभर जवळजवळ शांतताच. तालमीच्या वेळीच ती मला म्हणाली होती, "काका, या एका पानासाठी बाकीची साठ लिहिलीत."

आता माझी करामत. पहिला अंक चौतीस पानांचा. तालमीत पानाला दोन मिनिटं लागत होती. म्हणून मध्यंतराच्या चहासाठी कोपऱ्यावरच्या चहावाल्यांना मी सांगून ठेवलं, बरोबर सात वाजून आठ मिनिटांनी या. पण तालमीत शांतता कोणी पाळतच नव्हतं. ते तेवढं सोडून पुढे वाचत. वाचनाच्या दिवशी सगळ्यांनी ती इमानदारीने पाळली. सात वाजून आठ मिनिटांनी फळ्यावर आकडा होता एकतीस.

वडील झालेले गृहस्थ पुस्तिकेवर नजर लावून गप्प. मुलगाही गप्प. दार उघडलं.

"बिनसाखरेचा कोणाला?" चहावाले म्हणाले.

"इकडे दोन," मागच्या रांगेतून आवाज आला.

"तीन करा, ह्यांनाही डायबिटिस आहे."

मी हातवारे केले. चहावाल्यांना वाटलं, मलाही हवाय. ते कप घेऊन फळ्यापर्यंत चालत आले.

सव्वाआठला नाटक संपलं. कार्डं मोजली. बावीसपैकी एकोणीस कार्डांवर एकतीस.

दिग्दर्शक म्हणाले, "पान गेलं." त्यांना दोनच शब्द पुरतात.

पुस्तिकेतलं ते पान लेखिकेने बोटाने दाबून धरलं होतं.

मी म्हणालो, "अहो, हे आकडे पानाचे नाहीत, चहाचे आहेत. आणि चहाची वेळ मी दिली होती."

"नियमात चहा कुठे आहे?"

"मोजणी चुकीची असेल तर परत मोजतात, हा माझ्या खात्यातला नियम आहे. ते एक पान परत वाचा."

दिग्दर्शक श्रोत्यांकडे वळले. म्हणाले, "ज्यांचा चहा पिऊन झालाय त्यांनी बसा."

सहाजण घरी गेले, सोळा बसले. तेवढ्यात सोसायटीचे चिटणीस किल्ल्या वाजवत आले. हॉल साडेआठपर्यंतच होता.

"अजून एक पान राहिलंय," मी म्हणालो.

"एवढे शिकलेले लोक तुम्ही. घरी वाचून यायचं ना."

पण दाराशी उभे राहिले. किल्ल्या खिशात टाकल्या.

कोरी कार्डं वाटली. फळ्यावर पुन्हा एकतीस. वडील गप्प, मुलगा गप्प. रस्त्यावरून लुना गेली. पंख्याची करकर ऐकू यायला लागली. मला स्वतःला ते पान लांबलंच वाटलं, हे इथे नोंदवतो. पण मोजणाऱ्याला कार्ड नसतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पेन्सिल उचलली आणि परत मांडीवर ठेवली. शेवटी वडिलांनी विचारलं, "तिकडे आता किती वाजले?" आणि पान संपलं.

सोळा कार्डं. एकतीस आकडा पाच कार्डांवर.

"राहू दे," दिग्दर्शक म्हणाले.

लेखिकेने पानावरचं बोट उचललं. मला म्हणाली, "काका, पुढच्या वेळी चहा शेवटी."

"शेवटी दिला तर श्रोते मधेच जातील," मी म्हणालो. ती हसली, पण हे मी अनुभवावरून सांगत होतो.

चिटणीसांनी जादा अर्ध्या तासाचे पन्नास सांगितले. वाचनाला फार तर दहा मिनिटं लागली होती, तरी मी वाद घातला नाही. चहावाल्यांचे नव्वद आणि हॉलचे दोनशे संस्थेकडून दिले. हे पन्नास माझ्या खिशातून चिटणीसांना दिले आणि पावती घेतली.